४०३च्या घरातलं गुलाबी प्रकरण

दार लोटून घ्या आधी. हां. आता ऐका, पण माझ्या तोंडून ऐकलंत असं कुठे म्हणू नका. आमच्या डोक्यावरच्या ४०३च्या वहिनींनी गेल्या जुलैत अळू विकत आणलं. कितीला? अठराशेला! जुड्या नव्हेत हो. अठराशेच्या जुड्या आणल्या असत्या तर अख्ख्या मुंजीच्या पंगतीला फदफदं पुरलं असतं. एक कुंडी. तिच्यात तीन पानं. पानाला सहाशे रुपये पडले, आणि वर त्यांच्या वड्यासुद्धा होत नाहीत.

वहिनी अर्थातच त्याला अळू म्हणत नाहीत. 'कॅलॅडियम' म्हणतात. तेही नुसतं नाही, 'थाई कॅलॅडियम', जसं काही नावामागे घराणं लावावं. मी मुद्दाम चौकशी केली. थायलंडात या झाडाला 'बॉन सी' म्हणतात. बॉन म्हणजे अळू, सी म्हणजे रंग. झालं? रंगीत अळू! बँकॉकची माणसं आणि माझ्या रत्नागिरीच्या सासूबाई एकाच शब्दावर आल्या. सासूबाईंनी तर कुंडी पहिल्यांदा पाहिली ती लिफ्टमध्ये, आणि तिथेच म्हणाल्या, "अगो, हे तर आमच्या मागीलदारी न्हाणीच्या सांडपाण्यावर माजायचं. गुरंसुद्धा तोंड लावत नसत." वहिनींनी कुंडी छातीशी धरली. पुढे आमचा मजला येईपर्यंत लिफ्टमध्ये कोणी बोललं नाही.

दिसायला मात्र देखणं होतं, खोटं कशाला बोलू. हृदयाच्या आकाराचं पान, मध्ये गुलाबी, शिरा लालभडक, काठाला बोटभर हिरवी किनार. खणाची चोळी आठवली मला. पातळ तर इतकं की खिडकीतला उजेड आरपार दिसायचा. आणि उलटं करून बघितलं तर अळवासारखंच देठ पानाच्या काठाला नाही, जरा आत, पोटाशी चिकटलेलं. जात कुठे लपते? अळू, सुरण, पावसाळ्यात मिळणारी शेवळं, आपला मनी प्लांट, हे सगळं एकच खानदान. त्यातल्या कोणाला चिंच घालून शिजवायचं आणि कोणाला सोफ्याशेजारी बसवायचं, एवढाच काय तो प्रश्न.

या खानदानाचा एक अवगुणही सगळ्यांत सारखा. खाज. पानात, देठात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक बारीक सुया असतात, म्हणून तर आपण अळवाला चिंच नाहीतर आमसूल लावतो आणि चांगलं शिजवतो. हे ३०२च्या मांजरीला कोण सांगणार? ती एक दिवस वहिनींच्या हॉलमध्ये शिरली, गुलाबी पानाचा कोपरा चावला, आणि पंजानं तोंड खाजवत, लाळ गाळत जिन्यात बसली. जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. संध्याकाळी ३०२च्या काकू वर गेल्या. सगळ्या इमारतीला वाटलं, काकू भांडणार. झालं उलटंच. वहिनी म्हणाल्या, "पान फाटलं माझं!" तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे. हळदीकुंकवाला एकमेकींकडे जातात, पण वाण न बोलता घेतात.

आता तुम्ही म्हणाल, एकट्या वहिनींना कशाला नावं ठेवायची? तेही खरंच. हे खूळ जुनं आहे. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, आणि त्यानं गोऱ्या लोकांनाही असंच नादाला लावलं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड ब्ल्यू नावाचा एक माणूस याचे संकर करत बसला आणि १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यानं ते मांडले. मग १८९३ची शिकागोची जत्रा. विवेकानंदांचं भाषण झालं तेच वर्ष, तेच शहर. तिथे ब्राझीलहून आलेली ही पानं हेन्री नेहर्लिंग नावाच्या गृहस्थांनी पाहिली. हा मनुष्य खरा पक्ष्यांवर पुस्तकं लिहिणारा. पानं पाहिली आणि गेला कामातून. फ्लोरिडातल्या आपल्या बागेत यांचेच नवेनवे वाण काढत बसला. आज त्याच फ्लोरिडात लेक प्लॅसिड नावाचं गाव आहे, जगात विकले जाणारे याचे बहुतेक कंद तिथे पिकतात, आणि दर उन्हाळ्यात तिथे याचा उत्सव असतो. जेजुरीला भंडारा, तिथे रंगीत अळू.

आणि करोनाच्या काळात तर कहरच झाला. फिलिपीन्समध्ये झाडांच्या नादी लागलेल्या बायकांना 'प्लांटिटा' म्हणायला लागले. 'तिता' म्हणजे त्यांच्याकडे आत्या-मावशी-काकू. म्हणजे झाडकाकू! न्यूझीलंडमधली गोष्ट ऐकलीत का? जून २०२१मध्ये एका वेलाचा ऑनलाइन लिलाव झाला. वेल याच अळवाच्या कुळातला, पानं आठ-नऊ, अर्धी हिरवी अर्धी पांढरी. गेला २७,१०० न्यूझीलंड डॉलरना. तेव्हाच्या भावानं १४ लाख रुपये. पानाला दीड लाख! मी हे आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "म्हणजे ४०३वाल्या स्वस्तात सुटल्या."

त्यातही गंमत अशी की पानाचा पांढरा भाग म्हणजे जिथे हरितद्रव्यच नाही तो भाग. तो घरात काही कमवत नाही. हिरव्या भागानं उन्हात राबायचं आणि पांढऱ्यानं बसून खायचं. किंमत मात्र पांढऱ्याची. असे जावई असतात काही घरांत, मी नावं घेत नाही.

तर, वहिनींकडे या पाहुण्याची बडदास्त कशी होती, ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण ऑगस्टमध्ये त्या चार दिवस महाबळेश्वरला गेल्या तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. किल्लीबरोबर दोन पानी सूचना. टाइप केलेल्या! त्यांच्या मुलाच्या दहावीच्या वेळी मी त्याला चार दिवस जेवायला घालत होते, तेव्हा तोंडीच सांगितलं होतं, "काहीही खातो हो तो." इथे मात्र: खिडकीपासून तीन फूट, पडदा पातळ, दुपारचं ऊन नको, पानं करपतात. अंधारही नको, रंग उडतो आणि देठ लांबतात. कुंडी रोज पाव फेरा फिरवणे, नाहीतर झाड उजेडाकडे मान वळवून बसतं. पाणी देण्याआधी माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत चाचपणे. पाणी फिल्टरचं. एसी लावू नये. कुंडीखाली खडे घातलेलं ताट, त्यात पाणी, म्हणजे पानांभोवती दमटपणा राहतो. ही शेवटची सूचना वाचून माझी डोंबिवलीची नणंद हसून लोळली. तिच्याकडे पापड बारा महिने सादळतात, दमटपणा विकत घ्यायची वेळ आमच्या पुण्यावरच आली.

एसीचं प्रकरण तर वेगळंच. त्या झाडाला खरोखर ऊब लागते, १५ अंशांच्या खाली पारा गेला की ते रुसतं. पण म्हणून वहिनींचे यजमान बनियन भिजवून पंख्याखाली झोपतात? विचारलं त्यांना जिन्यात. म्हणाले, "मला निदान पाणी तरी फिल्टरचं मिळतं." आवाजात तक्रार नव्हती, तेच मनाला लागलं.

आणि माझा गुन्हा सांगू? मी नळाचं पाणी घातलं. चारही दिवस. कुंडीही फिरवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर मधोमध एक नवी सुरळी वर आलेली. उदबत्तीपेक्षा थोडी जाड, टोकाला गुलाबी. दुपारी परत गेले (काम होतं म्हणून, उगीच नाही), तर निम्मी उलगडलेली, आत सुरकुत्या, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या मुलाच्या तळव्यासारख्या. संध्याकाळी पुन्हा गेले. तेव्हा पान सरळ झालं होतं आणि टोकाशी पाण्याचा एक थेंब लटकत होता. मी किती वेळ तिथे उभी होते ते विचारू नका. खाली कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या.

त्या थेंबावरूनही रामायण झालंय म्हणा. वहिनींनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, "माझं बाळ रडतंय, काय करू?" माळीबुवांपासून होमिओपॅथीपर्यंत सगळे सल्ले आले. शेवटी सासूबाईंनी माझ्या फोनवरून सांगितलं, अळू पहाटे असंच टिपं गाळतं. मुळांनी रात्रभर पाणी जास्त ओढलं की पानाच्या टोकातून ते बाहेर काढतं, बाकी काही नाही. वहिनींनी अंगठा दाखवला. आमची शिकवणी त्यांना आवडली नाही, हे त्या अंगठ्यावरून कळलं.

साथ मग पसरलीच. गौरी आल्या तेव्हा वहिनींनी आराशीत दोन मुखवट्यांच्या मधोमध कुंडी ठेवली. बायका कुंकू लावून घेताना कुंडीकडे बघत होत्या. ज्येष्ठा-कनिष्ठा बिचाऱ्या कधी नव्हे त्या दुय्यम झाल्या. दसऱ्यापर्यंत ए आणि बी विंग मिळून अकरा घरांत काही ना काही रंगीत आलं होतं. २०४च्या सुनेनं घाईघाईत ऑनलाइन 'निळ्या कॅलॅडियमचं बी' मागवलं. फोटोत पान मोरपिशी! आता निळं कॅलॅडियम जगात नाही, तो रंग फोटोतच भरलेला असतो, आणि ही झाडं लोक बियांवर नव्हे, कंदावर लावतात. पण तिला कोण सांगणार, मी बोलले असते तर मत्सर वाटला असता. तीन आठवड्यांनी बी उगवलं. तिनं सगळ्यांना बघायला बोलावलं. सासूबाईंनी एक पान खुडलं, चुरडून वास घेतला आणि म्हणाल्या, "माठ आहे. भाजी चांगली होईल."

६०२चं दुःख याहून मोठं. त्यांनी साडेचार हजारांचं 'पिंक काँगो' आणलं. वरची पानं अशी गुलाबी की डोहाळजेवणाची सजावट वाटावी. चार-पाच महिन्यांत नवीन येईल ते पान हिरवं, आणि जुनी गुलाबीही हिरवी पडायला लागली. तो गुलाबी रंग जन्मजात नसतोच, विकण्याआधी रसायनानं आणलेला असतो. लग्नाच्या दिवशीचा मेकअप, दुसऱ्या दिवशी तोंड धुतलं की संपला! निदान आमच्या वहिनींचं अळू खरं गुलाबी. रंग त्याच्या रक्तातला. पैसे गेले तरी फसवणूक नाही, असं ६०२च्या काकांना मी समजावलं. त्यांना त्यानं बरं वाटलेलं दिसलं नाही.

मग ही माणसं स्वतःची समजूत कशी घालतात ठाऊक आहे? "हवा शुद्ध होते." प्रत्येकीच्या तोंडी हेच. नासानं सांगितलंय म्हणे. नासानं १९८९ साली प्रयोग केला होता खरा, पण बंद पेटीत. आमच्या हॉलला चार खिडक्या, एक गॅलरी, आणि खाली रस्त्यावर मेट्रोचं काम. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या लोकांनी २०१९मध्ये असे सगळे जुने प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. खिडकीतून हवा येते-जाते तेवढा परिणाम झाडांकडून हवा असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. म्हणजे सोफा, टीव्ही आणि यजमान बाहेर काढावे लागतील. हे मी ग्रुपवर टाकलं. कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. चहा घ्या, गार होतोय.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि वहिनींच्या झाडाचं एक पान पिवळं होऊन कुंडीच्या काठावर आडवं झालं. मग दुसरं. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी पाणी वाढवलं. खत घातलं. जांभळा उजेड पाडणारा दिवा आणला, त्यामुळे रात्री त्यांच्या खिडकीकडे बघून रिक्षावाले वेगळाच अर्थ काढायचे. वाफेचं यंत्र आणलं. एका अमावस्येला मीठ-मोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली, हे मला त्यांच्या मावशींनी सांगितलं. आणि पाणी, पाणी, सतत पाणी. इतकं की ताट भरून वाहायला लागलं आणि थेंब थेंब माझ्या गॅलरीतल्या वाळवणावर.

आणि त्या झाडाला काय झालं होतं? काही नाही! झोप आली होती. त्याच्या मुलखात पावसाळा सरला की कोरडे महिने येतात, तेव्हा ते पानं टाकून देतं, सगळा जीव खाली कंदात घेतं आणि तीन-चार महिने पडून राहतं. त्या काळात त्याला खत नको, दिवा नको, पाणी तर नकोच नको. पानं वाळली की पाणी तोडायचं आणि कुंडी कोपऱ्यात सारून विसरून जायचं. झोपलेल्या माणसाच्या तोंडात तासातासाला चमचा कोंबला तर तो जगेल का? कंद कुजतो तो असा. हे मी वहिनींना सांगायला हवं होतं का? सांगणारच होते. पण वाळवण भिजलं होतं माझं. सांडगे होते.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरलं. वहिनी गेल्या आणि तिथून लाल अॅग्लोनेमा घेऊन आल्या. म्हणे हे थंडीत झोपत नाही, कमी उजेडात राहतं, नखरे नाहीत. (इंडोनेशियाच्या ग्रेगरी हंबालींनी ही लाल जात पहिल्यांदा काढली, 'प्राइड ऑफ सुमात्रा' तिचं नाव. हेसुद्धा अळवाच्याच कुळातलं, पण मी गप्प बसले.) त्याच संध्याकाळी मावशींना हुकूम झाला की जुन्या कुंडीतली माती खतखड्ड्यावर ओत, कुंडी घासून वर आण. कुंडी चिनी मातीची होती. झाडापेक्षा महाग.

आता हे फक्त तुम्हाला सांगते.

त्या रात्री मी कचरा टाकायला खाली गेले. साडेदहाला. एरवी कचरा हे नेतात. खतखड्ड्यावर मातीचं ढेकूळ कुंडीच्या आकाराचं तसंच उभं होतं. मी मोबाइलचा दिवा तोंडात धरला आणि बोटांनी उकरलं. लिंबाएवढा कंद, एका बाजूला मऊ पडलेला, वास मारणारा, बाकीचा टणक. वॉचमन म्हणाला, "काय हरवलं का ताई?" मी म्हटलं, "कानातलं."

घरी आणून विळीवर कुजका भाग कापला, आत पांढरंस्वच्छ लागेपर्यंत. हात दोन दिवस खाजत होते, आमसूल चोळलं. सासूबाईंनी एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाल्या, "कापल्या जागी राख लाव. आल्याचं बेणं ठेवतो तसं कोरडं ठेव." उदबत्तीची राख लावली, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कांद्याबटाट्याच्या टोपलीत तळाशी ठेवलं. फेब्रुवारी, मार्च. ह्यांनी एकदा भाजीला बटाटे काढताना तेच उचललं होतं. काय ओरडले मी! ते अजून सांगतात लोकांना.

अक्षय तृतीयेला सासूबाईंच्या मुहूर्तानं लावलं. कोकोपीट, शेणखत, थोडी वाळू, डोळे वरच्या बाजूला. महिनाभर काही नाही. मी रोज बोट घालून बघायचे आणि रोज सासूबाई म्हणायच्या, "काढ तो हात." मेच्या शेवटी सुरळी आली. पुढच्या सोमवारी दुसरी. आज पाच पानं आहेत. पाच! वहिनींकडे कधी चाराच्या वर गेलं नव्हतं. मनी प्लांट चोरून आणला की जोमानं वाढतो म्हणतात ना, ते सगळ्या कुळाला लागू असावं. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवलंय, तिथे भाताची वाफ मिळते. पाणी? नळाचं. बहुतेक. परवा एकदाच फिल्टरचं घातलं, टाकीतलं पाणी गढूळ आलं होतं म्हणून. आणि कुंडी पाव फेरा फिरवते ती भांडी लावताना हात लागतो म्हणून.

अगंबाई, बेल. थांबा, मी दाराच्या भिंगातून बघते.

वहिनीच आहेत. हातात वाटी आहे, म्हणजे विरजणाला दही हवंय. दही फ्रिजमध्ये. फ्रिज स्वयंपाकघरात. आणि त्या कधी बाहेर थांबत नाहीत, बोलत बोलत थेट ओट्यापर्यंत येतात. तुम्ही उघडता का दार? बोलण्यात गुंतवा जरा त्यांना. २०४च्या निळ्या अळवाचा विषय काढा, पाच मिनिटं सहज जातील. तोवर मी कुंडी न्हाणीघरात नेते.